मल्लव्वाची कालवड

मी पोचले तेव्हा ट्रॅक्टर सुरू होता.

वस्तीच्या अलीकडेच त्याची घरघर कानावर आली. भर एप्रिलची दुपार, अशा उन्हात कुणी नांगरत नाही, मग ट्रॅक्टर कशाला चालू असेल हे कळायला मला वेळ लागला नाही. जीप रस्त्यातच सोडली, मागची पेटी उचलली आणि पळत सुटले.

गोठ्यासमोर मल्लव्वाची कालवड आडवी पडली होती. पहिलारू जर्सी, अंगानं किरकोळ, नाव कवडी. ओढताना सरकू नये म्हणून तिला गळ्यातून आणि छातीखालून दोर घालून लिंबाच्या बुंध्याला जखडलं होतं. मागून वासराचे दोन पुढचे पाय, डोकं आणि खांदे बाहेर आले होते. त्या पायांना नायलॉनचा दोर आवळला होता आणि दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या हुकात होतं.

"बंद करा ते!" मी ओरडले.

सीटवर म्हाळू होता, जमीनमालक अण्णासाहेब सरगरांचा गडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाजेवर बसलेल्या अण्णासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. म्हाळूनं क्लच सोडला. दोर ताठ झाला, कवडीचं अंग जमिनीवरून फरफटत उचललं गेलं आणि लिंबाचं झाड हललं. ती हंबरली नाही. हंबरायला छातीत हवा लागते, आणि तिची छाती दोरानं बांधलेली होती. तिच्या नाकातून फक्त फेस आला.

माझं डोकं फिरलं. मी मडगार्डवर चढले आणि इंजिन बंद करायचा दांडा हिसकला. म्हाळूनं मला तिथूनच ढकलून दिलं. मी पाठीवर आपटले, कोपर सोलून निघालं, पण ट्रॅक्टर थांबला होता.

"हेमांगी, काय हा तमाशा!" मागच्या चाकाशेजारून आवाज आला.

आमच्या पशुसंशोधन संस्थेचे संचालक डॉ. मेढेकर नाकाला रुमाल लावून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हाताला रक्ताचा थेंब नाही. गाय त्यांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातूनच पाहिली होती, आणि तीही आठवडाभराचा गर्भ असताना.

"सर, तुम्ही असताना ट्रॅक्टर लावला?"

"लोकांची पद्धत आहे ती. वेळ नव्हता."

"मला फोन करायला वेळ नव्हता?"

त्यांनी रुमालाची घडी बदलली. फोन मला मल्लव्वानं केला होता, आणि तोही मध्येच तुटला होता. का तुटला ते आता कळलं. घराच्या दाराला बाहेरून कडी होती आणि आतून कुणीतरी दारावर धडका देत होतं.

मी कडी काढली. मल्लव्वा बाहेर आली ती माझ्याकडे न बघता सरळ कवडीच्या डोक्याशी जाऊन बसली. पन्नाशीची काटक बाई. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या त्या एकाकी वस्तीवर ती आणि कवडी दोघीच राहायच्या. कवडीची आई वितानाच मेली, तेव्हा मल्लव्वानं तिला बोटानं दूध चाखवून वाढवली होती. ती कालवडीशी कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत.

"कोंडलं मला, बाई," ती म्हणाली. "माझ्याच घरात."

"आरडत हुतीस म्हणून," अण्णासाहेब बाजेवरून म्हणाले. "मारलं तर न्हाई ना कुणी?"

मी हाताला साबण चोळून तपासायला बसले. ते वासरू मी अजून विसरलेले नाही. डोकं मोठ्या खोंडाएवढं, जीभ सुजून निळी पडलेली, खुरं माझ्या तळहातात मावेनात. छाती कवडीच्या कटीच्या हाडांत पाचरीसारखी घट्ट बसली होती, आत बोट सरकवायला जागा नव्हती. मी त्याची जीभ चिमटली. त्यानं ती आत ओढून घेतली.

जिवंत होतं.

असं का झालं ते मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मी ते मोजलं होतं.

अण्णासाहेबांची चंद्रा ही खिलार गाय. पांढरीशुभ्र, ताठ मानेची, भागातल्या सगळ्या जत्रांत पहिला मान तिचा. ती आजारानं मेली तेव्हा अण्णासाहेब लहान मुलासारखे रडले होते. मेढेकरांनी त्यांना शब्द दिला की तुमची चंद्रा आम्ही परत आणू. त्याच दिवशी तिच्या बीजकोशातून अंडी काढली, प्रयोगशाळेत फळवली, आणि तयार झालेल्या गर्भांतला एक कवडीच्या पोटात ठेवला. मल्लव्वा अण्णासाहेबांचं रान वाट्यानं करायची. तिला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

गाईचा गर्भ सुरुवातीला स्वतःच्या बुद्धीनं चालत नाही. आईनं अंड्यात जी शिदोरी बांधून दिलेली असते तिच्यावर तो पहिले काही दिवस काढतो. आठ पेशींच्या आसपास त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. कुठल्या जनुकानं किती बोलायचं, कुठल्यानं गप्प बसायचं, हे तेव्हा ठरतं. नेमका तोच काळ आमचे गर्भ आईच्या पोटात नव्हे, तर काचेच्या ताटलीत काढायचे. ताटलीत काय घालायचं हे मेढेकर ठरवत. ते सिरम, म्हणजे रक्ताची निवळ, भरपूर घालत, कारण त्यानं जास्त गर्भ हाताला लागतात. मी त्याच ताटलीतल्या उरलेल्या गर्भांची जनुकं तपासली होती. वाढीला लगाम घालणारं जनुक त्यांत जवळजवळ मुकं झालं होतं. लगाम नसेल तर वासरू पोटात वाढतच जाणार. असली दोन वासरं आमच्याकडे आधी जन्मली होती आणि दोन्ही तडफडून मेली होती. मेढेकर त्याला योगायोग म्हणाले.

कवडीचं पोट फुगायला लागलं तशी मी त्यांच्याशी भांडले. वेळेआधीच पोट फाडून वासरू काढू, असं मी म्हणाले. ते म्हणाले, अण्णासाहेबांना घाबरवू नकोस. आणि अण्णासाहेब घाबरलेले नव्हतेच, ते फुलून गेले होते. दर अमावास्येला येऊन स्वतःच्या फेट्यानं कवडीचं पोट मोजायचे. फेटा जितका अपुरा पडेल तितकी त्यांची छाती रुंद होई. चंद्राचं रक्त आहे, पोटातच मावत नाही बघा, असं पाहुण्यांना दाखवायचे. वर कवडीला दुप्पट पेंड लावली. मेढेकर हे सगळं ऐकत आणि हसून मान डोलवत.

"काय म्हणतंय?" अण्णासाहेबांनी विचारलं. ते बाजेवरून उठून आले होते.

"जिवंत आहे. पण या वाटेनं अख्खं येणार नाही. आत लोटून पोटातून काढता आलं असतं, पण तुम्ही ओढून ते इतकं घट्ट बसवलंय की आता आतही जाईना."

मी लोटून पाहिलं होतं. मल्लव्वाला सोबत घेऊन, खांदा लावून, दात आवळून लोटलं. तसूभरही हललं नाही. वळवायला गेले तर कवडीच्या कटीत काहीतरी करकरलं आणि ती थरथरली.

"मग?"

"मग दोनच गोष्टी आहेत. ट्रॅक्टर लावलात तर वासरू कदाचित जितं येईल, पण गाईची कटी फुटेल, ती मरेल. नाहीतर वासरू तोडून काढायचं. मग गाय वाचू शकेल."

"तोडून?"

"तोडून."

अण्णासाहेब खाली बसले. त्यांनी वासराच्या कपाळावरून हात फिरवला. ते पांढरं होतं, ओल्या केसांतून चमकत होतं.

"ही माझी चंद्रा हाय," ते म्हणाले. "बघा की, कपाळ बघा. तिला मी अशी सोडणार न्हाई. म्हाळू, चालू कर."

"अण्णासाहेब, ऐका. हा मोठेपणा चंद्राचा नाही. हा आमच्या ताटलीतला बिघाड आहे. सरांना विचारा. सर, सांगा त्यांना!"

मेढेकरांनी रुमाल काढला. एका वाक्यात सगळं थांबवणं त्यांच्या हातात होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"तसं काही सिद्ध झालेलं नाही," ते म्हणाले. "काही काही वंशांत वासरं भरदार असतात."

म्हाळूनं ट्रॅक्टर सुरू केला.

दोर ताणला गेला. कवडीचे डोळे पांढरे झाले, मागचे पाय हवेत ताठ उभे राहिले. तिच्या मांडीवरून रक्ताचा ओघळ आला. मी दोराला झोंबले, पण दोराला काय माझी पर्वा? एवढ्यात मल्लव्वा माझ्या अंगावरून गेली. तिच्या हातात वैरण कापायचा विळा होता. तिनं एकदाच ओढला. ताणलेला नायलॉन फटाक्यासारखा तुटला आणि त्याचं लांब टोक उलटं झेपावून चाकाशी उभ्या असलेल्या मेढेकरांच्या तोंडावर बसलं.

ते बसकणच मारून खाली आले. तोंडावर दोन्ही हात, बोटांतून रक्त, आणि मातीत दोन दात. मला दया आली नाही. आजही येत नाही.

म्हाळूनं उडी मारून मल्लव्वाचा बुचडा धरला. तिला गरकन फिरवून गोठ्याच्या लाकडी खांबावर आपटलं, परत ओढलं, परत आपटलं. विळा कुठेतरी पडला. तिच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं तरी तिच्या तोंडून आवाज नाही. माझ्या पेटीत वासरं ओढायची साखळी असते, तिला लोखंडी मूठ. मी ती मूठ गच्च धरली आणि म्हाळूच्या मनगटावर घातली. हाड वाजलं. तो मल्लव्वाला सोडून माझ्यावर आला तेव्हा मी दुसरा फटका त्याच्या गुडघ्यावर दिला. जनावरांची डॉक्टर आहे मी, सांधा कुठे असतो ते मला शिकवावं लागत नाही. तो कोलमडला आणि तिथेच शिव्या घालत लोळू लागला.

"बास!" अण्णासाहेब गरजले.

ते माझ्यासमोर उभे होते. धिप्पाड गडी, मिशा थरथरत होत्या. "डॉक्टरीणबाई, लई झालं. ट्रॅक्टर मी सोता चालवतो. तुम्ही बाजूला व्हा."

"होते," मी म्हणाले.

आणि पेटीशी बसले. भुलीच्या औषधाची मोठी सुई भरली. ते हुकात नवा दोर अडकवत होते, माझ्याकडे पाठ होती. वासरानं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे डोळा उघडला, त्यात लिंबाची सावली हलत होती. मी त्याच्या मानेची शीर अंगठ्यानं दाबून फुगवली, सुई घातली आणि दट्ट्या शेवटपर्यंत रेटला. त्यानं एकदा श्वास ओढला, पुन्हा ओढायला गेलं आणि राहिलं. माझ्या हातात त्याची जीभ होती. ती सैल पडली.

अण्णासाहेब दोर घेऊन वळले. त्यांनी सुई पाहिली, जीभ पाहिली. त्यांना समजायला एक क्षण लागला.

मग त्यांनी माझा गळा धरला.

मी लाथा झाडल्या, नखं ओरबाडली, त्यांच्या मनगटाचं मांस माझ्या नखांत आलं. काही उपयोग नाही. ते ओरडत नव्हते, ते रडत होते, आणि रडत रडत माझा गळा आवळत होते. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मला एवढंच वाटत होतं की आता मी मेले तर कवडीही फुकट मरेल. याचाच मला भयंकर राग आला.

"सोड तिला."

मल्लव्वा त्यांच्या मागे उभी होती. चेहरा रक्तानं माखलेला, विळा अण्णासाहेबांच्या मानेला लावलेला. आयुष्यभर तिनं त्यांना मालक म्हटलं होतं, अहो-जाहो केलं होतं.

"सोड म्हणते न्हवं. वासरू गेलं. आता माझी कालवड सोडवू दे तिला. न्हाईतर हितं तू बी जाशील."

विळ्याच्या टोकाखाली रक्ताचा टिपूस आला. अण्णासाहेबांची बोटं एक एक करून सुटली. ते मागे सरकून बाजेच्या पायाशी मातीत बसले. मी ओकले, पदरानं तोंड पुसलं आणि तारेची करवत काढली.

पुढचं काम मी कुणाला सांगत नाही, पण इथे सांगते. आधी वासराचे दोन्ही खांदे तोडले, मग मान, मग बाहेर आलेली छाती. तार पुढेमागे ओढायची, हाडाचा भुगा हातावर उडतो, वास नाकात बसतो. मल्लव्वा एक मूठ ओढत होती, मी दुसरी. ती मध्येच थांबून कवडीच्या तोंडात ओल्या फडक्यानं पाणी पिळायची आणि परत मूठ धरायची. लिंबाचे दोर आम्ही केव्हाच कापले होते. कवडी आता हंबरत होती, आणि तो आवाज मला गोड लागत होता.

छाती निघाल्यावर पहिल्यांदा माझा हात आत गेला. आणि जिथे पोटाची कातडी लागायला हवी होती, तिथे हाताला आतडी लागली.

मला वाटलं तारेनं फाडलं. चाचपून पाहिलं. कड गुळगुळीत होती, जुनी होती. बेंबीच्या जागी परातीएवढं भगदाड, आणि सगळा कोथळा बाहेर. ते वासरू पोट न मिटताच वाढलं होतं. इतकं वाढलं की मिटायला उसंतच मिळाली नाही. मागचा भाग मधोमध चिरून एकेक तंगडी बाहेर काढली तेव्हा ते सगळं भसकन मातीवर आलं.

अण्णासाहेब उठून बघायला आले. उकिडवे बसले.

"हे तुम्ही कापताना झालं?"

"नाही. हे असंच होतं."

"जितं काडलं असतं तर?"

"दिवसही काढला नसता."

"आन हे कशानं?"

"मघाशी सांगितलं ते. ताटलीत त्याची जनुकं बिघडली. या डॉक्टरांना मी हे सांगितलं होतं. तुमच्या फेट्याला ते हसायचे तेव्हाही त्यांना माहीत होतं."

अण्णासाहेबांनी मान वळवली. मेढेकर ट्रॅक्टरच्या सावलीला तोंडाला रुमाल दाबून बसले होते. रुमाल भिजून लाल झाला होता.

"डॉक्टर," अण्णासाहेब अगदी हळू म्हणाले, "मी माज्या चंद्राचं रगत मोजतोय असं वाटत हुतं मला. मोजत हुतो तुमचा बिघाड."

मेढेकर काहीतरी बोलायला गेले. फुटलेल्या ओठांतून शब्द येईनात. अण्णासाहेबांनी हातातला तो नवा दोर दुहेरी केला. पहिला फटका बसला तेव्हा मी कवडीच्या फाटलेल्या मार्गाला पहिला टाका घालत होते. मी मान वर केली नाही. टाके घालताना मान वर करायची नसते. फटके आणि किंकाळ्या ऐकत मी आतून बाहेरून शिवत गेले आणि मल्लव्वा कवडीची शेपटी धरून बसली.

मेढेकर नंतर संस्था सोडून गेले. माझीही चौकशी झाली, पण वासराचे फोटो आणि माझ्या गळ्यावरचे वळ बघून चौकशीवाल्यांनी आवरतं घेतलं. सिरम बंद झालं. सगळीकडे एकच गोष्ट पसरली की डॉक्टरीणबाईंना आधीच कळलं होतं, ते वासरू जगणारं नव्हतं, म्हणून त्यांनी धाडस केलं. परिषदांतून लोक हे माझ्या तोंडावर सांगायचे, मी चहाचा घोट घ्यायचे. अण्णासाहेबांनीसुद्धा मला माफ केलं ते याच समजुतीवर.

त्या सगळ्याच्या आधी, आठवडाभरातच टाके बघायला म्हणून मी वस्तीवर गेले तेव्हा कवडी उभी होती. मागचा एक पाय ओढत होती, पण उभी होती, आणि मला पाहून तिनं शिंग उगारलं. मल्लव्वाच्या भुवईवरही टाके होते. तिनं मला उंबऱ्यात बसवलं, गुळाचा चहा दिला आणि समोर बसली.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"सुई टोचलीसा तवा तुम्हाला ठाव हुतं व्हय, त्येचं प्वाट उगडं हाय म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. तिलाही ते ऐकून बरं वाटेल असं मला वाटलं. पण तिच्या डोळ्याखाली अजून काळंनिळं होतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"नाही," मी म्हणाले. "मागच्या दोघांसारखं मरेल अशी भीती होती, पण खात्री नव्हती. जगलंही असतं, मल्लव्वा. मी जितं वासरू मारलं."

तिनं अंगणाकडे पाहिलं. अंगणात कवडी वैरण ओढत होती, तिचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. मग मल्लव्वानं माझ्या हातातली रिकामी कपबशी काढून घेतली.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "ठाव असतं तर कुणीबी टोचली असती. माझ्या कवडीसाटनं टोचली ती तुम्हीच."